आतून-बाहेरून एकच पावडर

आमच्या सांगलीच्या घरमालकांनी माझ्या पातेल्याची नाडी बघितली, तो दिवस मी मरेपर्यंत विसरायची नाही. आष्ट्याहून सामानाची बैलगाडी येऊन तासभरसुद्धा झाला नव्हता. नवरा हळदीच्या वखारीत हजेरी द्यायला पळाला होता आणि मी परसातल्या सामाईक मोरीत धुरानं काळंठिक्कर पडलेलं पातेलं घेऊन बसले होते. तेवढ्यात एक सडपातळ म्हातारे गृहस्थ आले. अंगात पांढरा कोट, डोक्याला काळी टोपी, कानावर पेन्सिल. माझ्यासमोर उकिडवे बसले, पातेल्याच्या काठावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे काळं पडणं."

"लग्नात मिळालंय. तवापासनं चुलीवर चढतंय."

"म्हणजे जुनाट आहे." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "पोटात कसं आहे? आमटी बुडाला लागते का?"

"आवं, जाळ मोठा झाला की लागणारच की!"

"जाळ कमी करा. आज याला लंघन. चुलीवर अजिबात चढवायचं नाही. उद्या सकाळी आठ ते दहा मी ओसरीवर असतो, तेव्हा घेऊन या."

एवढं बोलून ते उठले आणि शेजारणीच्या तांब्याकडे वळले. मी कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्यानं खोली बघितली होती, पाणी बघितलं होतं, घरमालक तेवढा बघायचा राहिला होता.

हे मालक एका खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपौंडर होते. गल्ली त्यांना कंपौंडरच म्हणायची, आम्ही भाडेकरू मालक म्हणायचो. दवाखाना सुटला तेव्हा त्यांनी तिथला जुना खलबत्ता, छोटा तराजू आणि बारा रिकाम्या बरण्या मागून आणल्या. लढाईचे दिवस होते. विलायती सोडा, साबण, डब्यातल्या पावडरी सगळं बाजारातून गडप झालेलं. मग यांनी ओसरीवर दुकान मांडलं. दुकान म्हणायचं आपलं, विकत काहीच नव्हतं. स्वयंपाकघर स्वच्छ करायची औषधं घरच्या घरी, फुकटात करायची आणि गल्लीला वाटायची, एवढाच उद्योग. घासायची पावडर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. औषध म्हणायचं, आणि घासलं नाही म्हणायचं, उपचार केले म्हणायचं.

रोज सकाळी आठ ते दहा ओसरीवर बायकांची रांग लागायची. कुणाच्या कडेवर पोर आणि हातात कढई, कुणाच्या डोक्यावर हंडा. मालक एकेकीला बोलवायचे. परात उन्हात धरून वाजवायचे आणि आवाज ऐकायचे. झाऱ्याला म्हणायचे, "याची प्रकृतीच नाजूक आहे." एकदा एका बाईनं सहज सांगितलं की ही तपेली सासूची आहे. मालकांनी लगेच वहीत लिहून घेतलं, 'आजार आनुवंशिक'. रोग भांड्याला नसतो, घासणाऱ्या हाताला असतो, असं त्यांचं मत होतं आणि ते दिवसातून दहा वेळा आम्हाला ऐकावं लागायचं.

सगळेच प्रयोग सरळ जायचे असं नाही. एकदा त्यांनी तव्याच्या चिकटपणावर गुळाच्या मळीचं लोशन काढलं. आष्ट्याच्या गुऱ्हाळातून मळी आणायला माझ्याच भावाला कामाला लावलं होतं. लोशन लावून तवे परसात पालथे घातले, आणि अर्ध्या तासात सगळ्या सांगलीच्या मुंग्या आमच्या परसात. बायका किंचाळायला लागल्या. मालक मात्र भिंग घेऊन शांतपणे बसून राहिले. दुपारी तवे खरोखरच स्वच्छ झाले होते. त्यांनी वहीत नोंद केली: 'गुण उत्तम. मदतनीस मुंग्या.' दुसऱ्या खेपेला रिठ्याचा काढा इतका कडक झाला की आठ दिवस गल्लीत कुणाच्या हातात तांब्या टिकेना. ज्याच्या त्याच्या घरातून ठण्ण ठण्ण आवाज. माझ्या नवऱ्याच्या पायावर चरवी पडली, तर मालक भेटायला आले आणि चरवीची चौकशी करून गेले.

पण त्यांची खरी कीर्ती होती ती एका पावडरीवर. बाभळीची राख, विटकरीची पूड, वाळवून कुटलेली चिंच, मीठ, पापडखार आणि वासाला लिंबाच्या सालीची भुकटी. बाभळीची वाळकी लाकडं ते विश्रामबागेपलीकडच्या माळावरून स्वतः आणायचे. पावडर जुन्या बिस्किटांच्या डब्यात भरायची आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवायची: 'पातेली नग दोन. दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर. आतून-बाहेरून.'

हे आतून-बाहेरून म्हणजे त्यांचा बाणा होता. आता आमच्या बायकांची पद्धत अशी, की पितळी भांडं बाहेरून चिंचेनं घासा, विटकरीनं घासा, काय वाटेल ते करा. आतून मात्र मऊ राखेशिवाय काही लावायचं नाही. आत कल्हई असते, कथलाचा पातळ पांढरा थर. तो खरवडला गेला की संपलं. ताक, आमटी, आंबट म्हणून जे काही त्यात पडेल ते कळकतं, हिरवं होतं, आणि माणसाला मळमळतं. हे पोरीसोरींनाही ठाऊक. मालक म्हणायचे, "हा अडाणीपणा आहे. एका रोग्याला दोन औषधं कशाला?" बायकांनी भीत भीत वापरून बघितली. महिना गेला, वर्ष गेलं, तीन वर्षं गेली. भांडी झकास निघायची आणि कल्हईला ओरखडासुद्धा नाही. मग काय, गल्लीनं राख चाळायचंच सोडून दिलं.

एकच घर ती पावडर वापरत नव्हतं. ते मालकांचं स्वतःचं.

काकू, म्हणजे मालकांच्या बायको, जतकडच्या. त्या दुष्काळी मुलखात भांड्याला पाणी कुठलं? राखेनं घासायचं आणि राखेनंच कोरडं पुसायचं, अशा घरात वाढलेल्या. मालक रोज पावडरीचा एक डबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायचे. काकू तो पायानं बाजूला सरकवायच्या.

"सगळी गल्ली वापरते," मालक म्हणायचे.

"वापरू द्या की. माझी राख मला बरी."

मालकांचा चेहरा एवढासा व्हायचा. माझा काकूंवर राग होता तो यासाठी. म्हातारा माणूस सकाळपासून कुटतोय, चाळतोय, एकदा त्याच्या समाधानासाठी एक वाटी घासली असती तर यांचं काय झिजलं असतं? झिजत होती ती मोरी. आमच्या मोरीची फरशी इतकी चकाचक असायची की वाकलं की तोंड दिसावं, आणि मधोमध तर झिजून चांगला खळगा पडला होता. मला वाटायचं, काकूंना स्वच्छतेचं वेड आहे.

मग साताऱ्याला दिलेल्या लेकीचं तिसरं बाळंतपण आलं. दोन लहान पोरं टाकून तिला माहेरी येता येईना, म्हणून काकूच दोन महिने साताऱ्याला निघाल्या. जायच्या आधी त्यांनी तीस डबे भरून फळीवर ओळीनं लावले आणि मालकांना बजावलं, "एवढं पुरवून वाटा. मी येस्तवर नवीन कुटू नगा. तुमचा हात कापतोय." मला त्यातलं काही वावगं वाटलं नाही.

तीस डबे पुरलेही असते. पण गल्लीतल्या गूळवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. वरपक्ष साताऱ्याचा, मोठा, आणि सगळ्या गल्लीतली मोठी भांडी कार्याला जमा झाली. गूळवाले हात जोडून मालकांकडे आले, "कंपौंडर, भांडी तुमच्या देखरेखीखाली निघू द्या." असा मान त्यांना जन्मात मिळाला नव्हता. ते तीन दिवस जेवायलासुद्धा उठले नाहीत. उरलेले डबे पुरेनात, म्हणून सोळा डबे नवी पावडर कुटली. आम्ही दहा बायका ओळीनं बसलो आणि हे पांढरा कोट घालून मधून फिरत होते.

"जोर लावा बाई, जोर! आतून! पोटातला रोग आधी!"

हाताला पावडर जरा खरखरीत लागली खरी. आतून भांडी सोन्यासारखी पिवळीधमक निघाली. आम्ही सगळ्या खूश. आतून पितळेचं भांडं पिवळं दिसणं म्हणजे काय, हे दहा जणींपैकी एकीच्याही डोक्यात येऊ नये? मी आष्ट्याची शेतकऱ्याची लेक, मलाही कळू नये? तीन वर्षांच्या विश्वासानं आमचे डोळे बांधले होते, दुसरं काय!

लग्नाला कढी होती. आंबट ताकाची, दोन मोठ्या सतेल्यांत सकाळपासून करून ठेवलेली. पहिली पंगत बसली, वाढप्यानं पहिलं ओगराळं ओतलं आणि मुलाच्या बापानं वाटीत बघितलं. कढी मोरचुदासारखी हिरवी.

"ही कशाची कढी म्हणायची?" त्यांनी विचारलं.

वाढपी घाबरला. म्हणाला, "कोथिंबिरीची."

एक काका घोट घेऊन बसले होते, ते तसेच परसाकडे धावले. मागोमाग आणखी दोघे. पंगत उठली. नशीब, उलट्यांवरच निभावलं आणि लग्नही मोडलं नाही. पण गूळवाल्यांची जी शोभा झाली ती झालीच. आणि त्याहून वाईट पुढे होतं. गल्लीतलं एकही मोठं भांडं कल्हईवर राहिलं नव्हतं, आणि लढाईमुळे कथील औषधालाही मिळत नव्हतं. कल्हईवाला आला, भाता खाली ठेवला, डोकं खाजवत म्हणाला, "आवं, मी फुंकू कशावर?" मग सगळी गल्ली मडक्यात शिजवायला लागली. पितळेचे हंडे फळीवर आणि चुलीवर गाडगी. खूश होता तो एकटा कुंभार. तो आमच्या दारावरून जाताना ओसरीला वाकून नमस्कार करायचा.

बाकी कुणी ओसरीकडे बघेना. सकाळी आठला मालक कोट घालून बसले, तर दारात रिकामे-भरलेले डबे आणून टाकायला बायका येत होत्या. मीसुद्धा माझं माहेरचं पातेलं त्यांच्यापुढे आपटलं. "आवं मालक, बघा की आता नाडी!" असं बोलून गेले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते. मालक उठले. कोट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशीही तसेच. आठव्या दिवशी मी माझ्या नवऱ्याकडून साताऱ्याला पत्र लिहवून घेतलं.

काकू आल्या त्या बोचकं हातात घेऊनच मोरीत आल्या. मी भांडी घासत होते.

"डबे संपलं व्हय?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"कसलं डबे?"

"मी भरलेलं." काकू त्या झिजलेल्या खळग्याजवळ बसल्या. "पोरी, तीन वर्सं तुमी सगळ्या माझ्या चुलीतली राख वापरताय. त्येंची पावडर या मोरीला जाती. ह्यो खड्डा कशानं पडला वाटतंय तुला?"

माझ्या हातातला काथ्या खाली पडला. मालक सकाळी नदीवर अंघोळीला गेले की काकू प्रत्येक डबा मोरीत रिकामा करून त्यानं फरशी घासायच्या. मग डब्यात आपली वस्त्रगाळ राख भरायच्या, रंगाला चिमूटभर काव, म्हणजे तांबडी माती, आणि वासाला लिंबाची साल. गल्लीत डबे वाटायच्या आधी पहिला प्रयोग त्यांच्या स्वतःच्या भांड्यांवर झाला आणि त्यांची कल्हई गेली होती. तोंडातून चकार शब्द न काढता त्यांनी ती करून घेतली आणि हा उद्योग सुरू केला.

"मग सांगायचं न्हाई व्हय त्येंना सरळ?" मी चिडून म्हणाले.

"कसं सांगू? हात कापाया लागला म्हणून डाक्टरनं घरी बसवलं. एका बाईच्या मिक्श्चरात जास्ती थेंब पडणार हुतं, पडलं न्हाईत, तरी. सहा म्हयने भित्तीकडं तोंड करून बसलं हुतं ह्ये. भाकरी पुढं केली की खायाचं, न्हाई केली तर न्हाई. पावडर कुटाया लागलं तवा माणसात आलं." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "सगळी पावडर बायकूच्या राखंनं चालली हुती असं कळलं तर त्ये परत उठायचं न्हाईत. तू कुणाला बोलायचं न्हाई. शपथ हाय तुला."

तेवढं बोलून त्या तरातरा ओसरीवर गेल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "आवं ऐकलं का सगळ्यांनी! चूक माझी हाय! जाताना मी पापडखाराच्या बरणीत चुना भरून गेले. ह्येंचा काय दोष न्हाई!"

बायका दारादारांतून बाहेर आल्या. गूळवाल्यांच्या घरातूनही दोघी आल्या. जी ती काकूंना बोलायला लागली. अडाणी, जतची, स्वतः कधी पावडर वापरली नाही आणि नवऱ्याच्या औषधात चुना घालते! काकू खाली मान घालून सगळं ऐकत उभ्या.

मालक भिंतीकडून वळले. उठले. फळीवरून पापडखाराची बरणी काढली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पस्तीस वर्षं जिभेनं औषधं ओळखलेला माणूस. तोंड जरासुद्धा वाकडं न करता त्यांनी काकूंकडे बघितलं. मग बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"चिठ्ठी वाचून भरत जावं माणसानं," ते एवढंच म्हणाले.

"चुकलं," काकू म्हणाल्या.

मालकांनी खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी खलबत्त्याचा आवाज सुरू झाला. लोक हळूहळू परत यायला लागले, कारण चूक कुणाची ते आता ठरलं होतं. पुढे मुंबईहून कुणीतरी थोडं कथील आणलं, गल्लीची भांडी एक एक करून पांढरी झाली, आणि माझ्या पातेल्याला मालकांनी 'आजारातून उठलेले, हलका आहार' अशी चिठ्ठी लावली.

दोन गोष्टी मात्र बदलल्या. एक म्हणजे मालकांनी नवीन नियम काढला, की पावडर डब्यात भरल्यावर एक दिवस मुरली पाहिजे. भरलेले डबे ते झाकणं सैल करून मागच्या पडवीत ठेवायचे आणि नदीवर जायचे. आधी अर्ध्या तासात परतणारा माणूस आता दोन-दोन तास घाटावर बसायला लागला. दुसरी म्हणजे परत येताना ते गल्लीच्या तोंडापासूनच मोठमोठ्यानं खाकरायचे. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला नदीच्या पाण्यानं खोकला झाला. काकू त्यांना आल्याचा काढा द्यायच्या, आणि ते तो निमूट प्यायचे.

दीड वर्षानं साताऱ्याच्या लेकीचं चौथं बाळंतपण आलं. काकूंनी मला मोरीत बोलावलं आणि काव, लिंबाच्या सालीची बरणी आणि राखेची पाटी माझ्या ताब्यात दिली. "दोन म्हयनं तुझ्यावर," म्हणाल्या. "आन त्येंच्या नजरेला पडू नगंस. त्यो माणूस मोडंल."

पहिला दिवस उजाडला. मालक नदीवर गेले. मी बारा डबे मोरीत पालथे केले, माझ्या चुलीतली राख भरली, काव मिसळली, साल घातली, झाकणं होती तशी सैल ठेवली. खाकरण्याचा आवाज आला तेव्हा मी दमून पडवीतच उभी होते, पळायचं राहूनच गेलं. हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले, आणि मालक ओल्या धोतरानं समोर.

त्यांनी माझे हात बघितले. पहिला डबा उचलला, चिमूटभर पावडर घेतली, अंगठा आणि बोटामध्ये चोळली. मग दुसऱ्या डब्यातली चोळली. 

"सूनबाई," ते म्हणाले. त्या घरात मी 'बाई' होते, सूनबाई त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. "राख नुसत्या चाळणीनं चाळू नये. आमची ही धोतराच्या जुन्या फडक्यातून दोनदा गाळते. फडकं पडवीच्या खुंटीला आहे, मीच फाडून ठेवलंय."

आणि ओसरीवर जाऊन ते डब्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसले.